तळ्यातल्या गणपतीचे तळे कुठे गेले?

आमच्या बोरी अरबची पोरे पुण्याला जातात ती स्पर्धा परीक्षेसाठी. बाप कापूस विकून महिन्याचे पैसे पाठवतो आणि पोरगा सदाशिव पेठेत किंवा नवी पेठेत एका कॉटवर राहून दिवसभर अभ्यासिकेत बसतो. संध्याकाळी डोके जड झाले की चार जण मिळून सारसबागेत जातात. हिरवळीवर बसतात, बाहेर भेळ खातात, कट ऑफचे बोलतात. आम्हीही तेच केले. मधल्या देवळाला सगळे 'तळ्यातला गणपती' म्हणतात. पण तळे कुठे आहे, असे आमच्यापैकी एकानेही कित्येक महिने विचारले नाही. इतिहासाचा पेपर देणारी पोरे आम्ही! पेशव्यांच्या सनावळ्या तोंडपाठ होत्या, आणि आपण एका तळ्याच्या तळाशी बसून त्या पाठ करतो आहोत याचा पत्ता नव्हता.

बागेतून बाहेर पडून दांडेकर पुलाकडे गेलो की मात्र चित्र पालटते. तिथे काळा, फेसाळलेला आंबिल ओढा आहे आणि काठाला चिकटून उभी असलेली वस्ती आहे. वस्तीत निळे झेंडे आहेत, पंचशीलाचे झेंडे आहेत, दारावर बाबासाहेब आहेत. 'अतिक्रमण' हा शब्द या वस्तीने इतक्या वेळा ऐकला आहे की तो तिथल्या लहान पोरांनाही येतो. तळ्याच्या जागेवरची बाग हा 'वारसा' आणि ओढ्याच्या काठावरची माणसे हे 'अतिक्रमण', ही भाषा कोणी ठरवली? त्यासाठी मागे जावे लागते, थेट पेशवाईपर्यंत.

जुने कसबा पुणे दोन ओढ्यांच्या मध्ये वसलेले होते. पूर्वेला नागझरी, पश्चिमेला आंबिल ओढा. आंबिल ओढा कात्रजच्या डोंगरातून उतरतो, पर्वतीच्या पायथ्याजवळून येतो आणि पूर्वी तो आजच्या पेठांच्या भागातून वाहत मुठेला मिळत असे. पावसाळ्यात तो गावात घुसायचा. नानासाहेब पेशव्याच्या काळात, म्हणजे 1740 ते 1761 या वर्षांत, या पाण्याचे सगळे गणित बदलले. कात्रजला तलाव बांधून तिथून जमिनीखालच्या दगडी नळाने पाणी शहरातल्या हौदांत आणले. पर्वतीवर देवदेवेश्वराचे मंदिर उभे राहिले. पायथ्याशी आंबिल ओढ्याला बांध घालून सुमारे 25 एकरांचे तळे केले आणि ओढ्याचा प्रवाह पश्चिमेकडे वळवून मुठेत सोडला. जुन्या पात्राकडची जमीन वस्तीला मोकळी झाली. पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊच्या नावाची पेठ त्याच अंगाला वाढली. तळ्याच्या मधोमध एक बेट राखले, त्यावर बाग केली, आणि 1784 मध्ये सवाई माधवरावाच्या काळात बेटावर गणपती बसला. पेशवे नावेतून तिथे जात, असे सांगतात.

यात कारागिरी नाही असे आम्ही म्हणणार नाही. डोंगरातले पाणी केवळ उताराच्या जोरावर काही मैल आणून गावाच्या हौदात पाडणे सोपे काम नाही. कात्रजचा नळ पाहायला आजही इंजिनिअरिंगची मुले जातात. पण त्या नळावर, त्या बांधावर ज्यांच्या हातांना घट्टे पडले त्यांचे नाव आम्हाला एकाही पाटीवर दिसले नाही. पाटीवर पेशवा आहे. पाणी आणले कोणी, हे विचारले की पुण्यात एकच उत्तर मिळते. पाणी कोणासाठी आणले, हे मात्र कोणी विचारत नाही.

त्याच पर्वतीच्या पायथ्याशी रमणा होता. श्रावणात देशभरातून ब्राह्मण पुण्यात येत, त्यांना रमण्यात घेऊन दक्षिणा वाटली जाई. राज्याच्या तिजोरीतून लाखो रुपये त्यावर जात. पैसा येई तो रयतेच्या सारावसुलीतून. आणि त्याच पुण्यात अस्पृश्याची अवस्था काय होती? बाबासाहेबांनी 1936 च्या 'जातिनिर्मूलन' ग्रंथात ती जगापुढे मांडली आहे: कमरेला झाडू, गळ्यात मडके, आणि सवर्णावर सावली पडू नये म्हणून रस्त्यावर चालण्यालाही बंदी. ज्याच्या थुंकीने जमीन बाटते त्याला तळ्याच्या काठावर कोण उभे राहू देणार? तळ्यात नाव होती, बेटावर बाग होती, वर डोंगरावर देव होता. हे सगळे ज्या शहराचे होते त्या शहरात आपला माणूस गळ्यात मडके बांधून फिरत होता. पेशवाईचे पाणी पाहायचे तर ते तळ्यात आणि त्या मडक्यात, दोन्हीकडे पाहावे लागते.

1818 ला पेशवाई गेली. भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला आपण दरवर्षी मानवंदना देतो, तो इतिहास इथे पुन्हा सांगत नाही. पण राज्य गेले तरी हौदावरची जात गेली नाही. पेशवाई बुडून पन्नास वर्षे झाल्यावर, 1868 मध्ये, जोतीराव फुल्यांना आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला करावा लागला. यावरूनच बाकीच्या हौदांची कथा कळते. हौदांचे शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्यात एका माळ्याच्या घरचा हौद तेवढा माणसांचा होता.

जोतीराव पाण्याचा आणखी एका अंगाने विचार करत होते आणि त्याकडे आपल्या चळवळीचे कमी लक्ष गेले आहे. 1883 च्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये ते सरकारला सुचवतात की पोलिस आणि पलटणीतल्या रिकाम्या शिपायांकडून डोंगर-उतारावर ताली, बंधारे घालून घ्या, म्हणजे पावसाचे पाणी शेतात मुरेल. ओढ्यानाल्यांतून, तलावांतून साचलेला गाळ काढून शेतकऱ्याला द्या. आज ज्याला पाणलोट विकास म्हणून लाखोंची कंत्राटे निघतात तो विचार त्यांनी मांडला होता. पेशव्याचे तळे शोभेचे होते, जोतीरावांचे तळे जमिनीत मुरणारे होते. पाणी अडवायचे ते शेतकऱ्याच्या विहिरीसाठी.

आता तळ्याचे पुढे काय झाले ते पाहू. ओढ्यावर बांधलेले कोणतेही तळे हळूहळू गाळाने भरत जाते. डोंगरावरचे झाड-गवत कमी झाले की पावसाबरोबर माती सुटते, ओढ्यात येते आणि तळ्यात पाणी थबकले की खाली बसते. गाळ काढला नाही तर तळे उथळ होते. उथळ पाण्यात लव्हाळे, शेवाळ वाढते, पाणथळीचे पक्षी येतात, डासही येतात. तळे जिवंत असते तोवर ते तीन कामे करते. आसपासच्या विहिरींना पाझर देते, उन्हाळ्यात ओल धरते, आणि मोठा पाऊस आला की लोंढ्याचा जोर आपल्या अंगावर घेऊन त्याला सावकाश पुढे सोडते. आपल्याकडच्या बेसाल्ट खडकात पाणी साठते ते वरच्या मुरमाड थरात आणि भेगांत. म्हणून दख्खनमध्ये तळे आणि विहीर यांचे नाते आई-लेकराचे आहे. तळे आटवले की विहीर लगेच नाही, पण काही वर्षांत मरते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खडकवासल्याचे धरण झाले, कालवा आला, पुण्याला नळाचे पाणी मिळू लागले. शहराला पर्वतीच्या तळ्याची गरज उरली नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तळ्याचे पाणी गेलेले होते. 1953 मध्ये त्या परिसरात पेशवे पार्क झाले, वाघ-सिंह आले, मुलांची छोटी रेल्वे आली. पुढे प्राणी कात्रजला हलवले. बेट जमिनीला मिळाले, बेटावरचा देव जमिनीवर आला. नाव मात्र राहिले, तळ्यातला गणपती. ज्या ओढ्याने तळे भरले त्या ओढ्यात शहराचे सांडपाणी सोडले गेले.

पाणी आटण्याआधी की नंतर ते सोडा, त्याच परिसरात एक गोष्ट घडली जी सारसबागेच्या कोणत्याही फलकावर नाही. 13 ऑक्टोबर 1929 ला पर्वतीवर मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. पुढे होते शिवराम जानबा कांबळे, ज्यांनी 1908 मध्ये 'सोमवंशीय मित्र' काढले होते, आणि पां. ना. राजभोज. काकासाहेब गाडगीळांसारखे काही सवर्ण सुधारकही सोबत होते. देवस्थानने आधीच नकार दिला होता: मंदिर खासगी आहे! गंमत पाहा. तळे, बाग, डोंगर, मंदिर, सगळे रयतेच्या पैशावर उभे राहिले, पण अस्पृश्य पायरी चढू लागला तेव्हा ते 'खासगी' झाले. सत्याग्रहींवर दगड पडले, राजभोज जखमी झाले. महिनोन्महिने सत्याग्रह चालला, दार उघडले नाही. पुढे 2 मार्च 1930 ला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. मुंबई प्रांतात मंदिर प्रवेशाचा कायदा व्हायला 1947 उजाडावे लागले.

'खासगी' हा युक्तिवाद आपल्याला ओळखीचा आहे. महाडलाही तोच होता. मुंबई विधिमंडळाने 1923 मध्ये बोले ठराव केला, महाड नगरपालिकेने 1924 ला तळे खुले केल्याचा ठराव केला, 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यावर सवर्ण कोर्टात गेले ते हेच सांगत, की तळे आमचे खासगी आहे. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला तो 17 मार्च 1937 ला. म्हणजे एका ओंजळीचा खटला दहा वर्षे चालला. महाडचे तळे आज आहे, म्हणून आपण तिथे जातो. पर्वतीचे तळे नाही, म्हणून त्याच्या काठावरचा सत्याग्रहही विसरला गेला. पुण्यात वर्षानुवर्षे राहिलेल्या आपल्या पोरांना विचारा, 13 ऑक्टोबर किती जणांना माहीत आहे? आम्हाला नव्हता.

आता ओढ्याकडे. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटले आणि नदीकाठच्या पेठा बुडाल्या. पूरग्रस्तांसाठी पर्वतीच्या मागच्या अंगाला जमिनी दिल्या गेल्या, सहकारी सोसायट्या झाल्या, सहकारनगर वसले. म्हणजे नदीच्या पुरातून उठवलेला माणूस आंबिल ओढ्याच्या खोऱ्यात बसवला. 1972 च्या दुष्काळात मराठवाडा-विदर्भातून माणसे पुण्यात आली. त्यांना सोसायटी कोण देणार? ती डोंगराच्या उतारावर आणि ओढ्याच्या काठावर बसली, जिथे दुसरे कोणी राहायला तयार नव्हते. शहराला झाडूवाली पाहिजे होती, धुणीभांडीवाली पाहिजे होती, बिगारी पाहिजे होता. त्याच्या झोपण्याची जागा शहराच्या नकाशात नव्हती.

27 सप्टेंबर 2018 ला भर दिवसा, पावसाचा थेंब नसताना, मुठा उजवा कालवा जनता वसाहतीजवळ फुटला आणि दांडेकर पुलाची वस्ती पाण्याखाली गेली. शेकडो घरांतले धान्य, वह्या-पुस्तके, दाखले वाहून गेले. दुसऱ्या वर्षी, 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री, कात्रजकडे ढग फुटावा तसा पाऊस झाला. आंबिल ओढा वर चढला, अरण्येश्वरच्या टांगेवाला कॉलनीत भिंत कोसळून माणसे गेली, सहकारनगरातल्या सोसायट्यांतल्या गाड्या खेळण्यासारख्या वाहिल्या. पुणे शहर-जिल्ह्यात त्या पुरात वीसहून अधिक जीव गेले. त्या रात्री लोंढ्याने वाटेत थांबायला जागा शोधली असेल तर ती त्याला कुठे मिळणार होती? कात्रजचे तलाव भरलेले, मधल्या खोऱ्यात इमारती, पात्र आवळलेले, आणि पायथ्याच्या तळ्याच्या जागी हिरवळ. पर्वतीचे तळे असते तर तो पूर टळला असता, असा दावा आम्ही करत नाही. 25 एकरांचे तळे त्या पावसाला पुरले नसते. पण दोनशे वर्षे एकेक थांबा काढून घेतला की शेवटी पाणी ज्याच्या घरात थांबते ते घर ओढ्याच्या काठावरचे असते.

आणि मग उपाय काय झाला? पुराचे कारण सांगून ओढ्याचे पात्र रुंद आणि सरळ करायचे ठरले. 24 जून 2021 ला, कोरोनाचा काळ, वर पावसाळा, दांडेकर पुलाजवळच्या वस्तीवर पोलिस बंदोबस्तात जेसीबी आले. बाया आडव्या झाल्या. काहींनी अंगावर रॉकेल ओतून घेण्याचा प्रयत्न केला. कोर्टाची स्थगिती आल्यावर काम थांबले. रहिवाशांचे म्हणणे होते की हे ओढ्यासाठी नाही, बिल्डरसाठी आहे. महापालिकेचे म्हणणे होते की हे तुमच्याच जिवासाठी आहे. आम्ही दोन्ही बाजू ऐकल्या. ओढ्याच्या पात्रात राहणे धोक्याचे आहे, हे त्या वस्तीतल्या बाईला आमच्यापेक्षा जास्त कळते. तिने पाणी छातीपर्यंत पाहिले आहे. तिचा प्रश्न एवढाच आहे की त्याच खोऱ्यात, कामाच्या जवळ, पोरांच्या शाळेच्या जवळ घर द्या आणि मग हलवा. आणि आमचा प्रश्न असा की पात्र सर्वांत आधी कोणी हलवले? ज्या ओढ्याला एका राज्यकर्त्याने आपल्या सोयीने वाकवले, त्याच्या वाकड्या पात्रावर राहणाऱ्या माणसालाच सरळ का केले जाते?

हे फक्त पुण्यात झाले असे समजू नका. आमच्या यवतमाळच्या कापूसवाल्यांनी तर एक परदेशी गोष्ट जरूर वाचावी. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या मधोमध तुलारे नावाचे प्रचंड सरोवर होते. ओल्या वर्षी त्याचा पसारा सुमारे 1,800 चौरस किलोमीटरपर्यंत जाई. योकुट नावाचे आदिवासी त्याच्या काठाने राहत, लव्हाळ्याच्या नावा करत, मासे आणि पाणपक्षी यांवर जगत. गोरे आले, आदिवासी मारले गेले, रोगराईने गेले, हाकलले गेले. मग सरोवराला येणाऱ्या किंग्ज, कवीया, तुले, कर्न या नद्या शेतीसाठी कालव्यांत वळवल्या आणि एकोणिसावे शतक संपेपर्यंत सरोवर जवळजवळ कोरडे केले. तळाच्या काळ्या मातीत पुढे काय पिकले? कापूस! बॉसवेल नावाचे जॉर्जियातले कापूस-घराणे 1920 च्या दशकात तिथे आले आणि सरोवराच्या तळावर त्यांचे साम्राज्य उभे राहिले.

त्याच सरोवराजवळ 1908 मध्ये ॲलन ॲलन्सवर्थ यांनी काळ्यांचे गाव वसवले. हे स्वतः 1842 साली गुलाम म्हणून जन्मले, पळाले, सैन्यात गेले आणि लेफ्टनंट कर्नल होऊन निवृत्त झाले. गोऱ्यांच्या दयेवर न जगता काळ्यांनी स्वतःची शाळा, ग्रंथालय, बाजार चालवावा ही त्यांची कल्पना. महार बटालियनचा इतिहास सांगणाऱ्या आपल्याला हा माणूस परका वाटणार नाही. गाव जोमात उभे राहिले आणि पाण्यावर अडले. जमीन विकणाऱ्या कंपनीने कबूल केलेले पाणी पुरेसे दिले नाही. 1914 मध्ये रेल्वेने थांबा शेजारच्या गावाकडे नेला, आणि त्याच वर्षी ॲलन्सवर्थ मोटारसायकलच्या धडकेत गेले. पुढे गावच्या पाण्यात आर्सेनिक सापडले. पाऊण सरोवर पिऊन टाकणाऱ्या मळ्यांच्या शेजारी या गावाला पिण्याजोगे पाणी नव्हते.

2023 च्या वसंतात डोंगरावर अफाट बर्फ-पाऊस झाला आणि तुलारे सरोवर परत आले. कापसाची, टोमॅटोची शेते बुडाली, पक्षी आले. योकुट लोकांनी आपल्या जुन्या सरोवराचे स्वागत केले, त्यांच्या भाषेतले त्याचे नाव पुन्हा ऐकू आले: पाआशी. आणि ॲलन्सवर्थचे लोक रात्री फावडी घेऊन आपल्या गावाभोवती बांध घालत होते, कारण मोठ्या मळ्यांच्या बांधांनी वळवलेले पाणी त्यांच्याकडे येत होते. दांडेकर पूल आणि ॲलन्सवर्थ यांच्यात सात समुद्र आहेत, पण पाणी दोन्हीकडे एकाच माणसाच्या दाराशी येऊन थांबते.

पाण्याचा प्रश्न म्हणजे फक्त पाणवठ्यावर हक्काचा प्रश्न, अशी आपल्या चळवळीची एक समजूत झाली आहे. बाबासाहेबांची तशी समजूत नव्हती. महाडला ओंजळ घेणारा हाच माणूस 1942 ते 1946 मध्ये व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याचा सदस्य म्हणून दामोदर खोऱ्याची योजना आखत होता. 1945 मध्ये केंद्रीय जलमार्ग, सिंचन आणि नौकानयन आयोग त्यांच्याच काळात उभा राहिला, आणि 8 नोव्हेंबर 1945 च्या कटकच्या परिषदेत त्यांनी ओडिशाच्या पुरांबद्दल मांडले की पाणी ही आपत्ती समजून हाकलू नका, ती संपत्ती आहे, साठवा. नदीचे अख्खे खोरे एक धरून विचार करा, हा त्यांचा आग्रह होता. आंबिल ओढ्याला हे लागू केले तर कात्रजच्या टेकड्या फोडणारा, पात्रात भिंत घालणारा बिल्डर, सांडपाणी सोडणारी महापालिका आणि काठावरची झोपडी, हे सगळे एकाच हिशेबात येतात. आज हिशेब फक्त झोपडीचा होतो.

आमच्या गावात अडाण नदी आहे. तिच्या काठावर कोणाची घरे आहेत, पूर आला की आधी कोणाच्या घरात पाणी शिरते, पंचनाम्यात कोणाचे नाव शेवटी लागते, हे लिहून काढायचे आम्ही ठरवले आहे. गावातल्या जुन्या विहिरींचीही यादी करतो आहोत: कोणती कोणाची होती, आपल्याला कधी खुली झाली, कधी बुजली. म्हाताऱ्या आयाबाया सांगतात ते मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवतो. चार विहिरींचे झाले आहे.

पुण्यात अभ्यासाला असलेल्या आपल्या मुलामुलींना एक विनंती. येत्या 13 ऑक्टोबरला संध्याकाळी सारसबागेत बसण्याऐवजी पर्वतीच्या 103 पायऱ्या चढा. वरून आधी बाग दिसते, मग कालवा, मग ओढा, मग वस्ती. उतरताना दांडेकर पुलावरून या, आणि 2018 ला पाणी कुठवर आले होते ते तिथल्या एखाद्या मावशीला विचारा. ती भिंतीवर हात ठेवून दाखवते.